महासागर उत्तर देत नाही

१९६०चं दशक संपत आलं होतं तेव्हा पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरातला एक लेखक मॉस्कोला गेला. त्याच्या कादंबरीवर चित्रपट निघणार होता आणि पटकथा त्याला पसंत नव्हती. लेखक स्तानिस्वाव लेम, दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की आणि कादंबरी 'सोलारिस'. लेमनं पुढे मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे दोघं सहा आठवडे वाद घालत होते. शेवटी तारकोव्हस्कीला तोंडावर मूर्ख म्हणून लेम घरी परतला. १९७२ साली त्या चित्रपटाला कान महोत्सवात ज्यूरींचं विशेष पारितोषिक मिळालं. जगातल्या श्रेष्ठ विज्ञानपटांची यादी आज कुणीही केली तरी त्यात तो असतोच. लेमनं मात्र तो शेवटपर्यंत धड पाहिलाच नाही. टीव्हीवर उत्तरार्धाचा एक तुकडा पाहिला, तेवढाच.

आपल्याकडे ही हकिकत सांगतात ती बहुधा दिग्दर्शकाच्या बाजूनं. फिल्म सोसायट्यांनी तारकोव्हस्की मराठी रसिकांपर्यंत आणला. त्याची लांबच लांब दृश्यं, त्याचं पाणी, त्याचे घोडे यांवर आपण तासन् तास बोललो आहोत. त्याच्या दोन विज्ञानपटांमागचे तीन लेखक मात्र श्रेयनामावलीत क्षणभर दिसतात आणि विसरले जातात. 'सोलारिस'मागे लेम होता, 'स्टॉकर'मागे अर्कादी आणि बोरीस हे स्त्रुगात्स्की बंधू. हा लेख त्या तिघांसाठी आहे. तारकोव्हस्की थोर आहेच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या दोन चित्रपटांतली जी गोष्ट आपली झोप उडवते ती आधी या लेखकांनी शोधली होती, आणि तिची किंमतही त्यांनीच आधी मोजली होती.

लेम १९२१ साली ल्वूव्हमध्ये जन्मला. शहर तेव्हा पोलंडचं होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. घर सुखवस्तू, ज्यू. वडील कान-घशाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर आधी सोव्हिएत फौजा आल्या, मग नाझी, मग पुन्हा सोव्हिएत. नाझींच्या काळात लेम खोट्या कागदपत्रांच्या आधारानं जगला. एका जर्मन कंपनीच्या गॅरेजमध्ये त्यानं मेकॅनिक आणि वेल्डर म्हणून काम केलं. आईवडील वाचले, बाकीचे बहुतेक नातेवाईक मारले गेले. युद्धानंतर कुटुंब क्राकूव्हला आलं. तिथे त्यानं वैद्यकीचा अभ्यासक्रम जवळजवळ पुरा केला, पण शेवटची परीक्षा मुद्दाम दिली नाही, कारण उत्तीर्ण होणाऱ्यांना सैन्यात डॉक्टर म्हणून जुंपत होते. १९४८ साली लिहून झालेली त्याची इस्पितळावरची वास्तववादी कादंबरी सेन्सॉरशी झगडत १९५५पर्यंत पडून राहिली. मधल्या काळात, १९५१ साली, शुक्रावरच्या मोहिमेची त्याची विज्ञानकादंबरी मात्र छापली गेली आणि खपली. पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी मिळून १९६० साली तिच्यावर चित्रपट काढला. तो लेमला मुळीच आवडला नाही. म्हणजे मॉस्कोला जाताना सिनेमावाल्यांचा एक कडू अनुभव त्याच्या गाठीशी होता.

एकाच शहरात इतक्यांदा राज्य पालटताना ज्यानं पाहिलं, शेजारचा मेला आणि आपण वाचलो यामागे कसलंही कारण नाही हे ज्याला विशीतच कळलं, त्याला विश्व आपल्यासाठी काही निरोप घेऊन ताटकळत बसलंय हे कसं पटणार? लेम योगायोगाबद्दल आयुष्यभर लिहीत राहिला. 'सोलारिस'मध्ये तर माणसासमोर त्यानं असं काही ठेवलं, ज्याला माणसाशी देणंघेणं असेलच असं नाही.

कादंबरी १९६१ साली आली, गागारीन अंतराळात गेला त्याच वर्षी. दक्षिण पोलंडच्या डोंगरातल्या झाकोपाने गावी लेमनं ती लिहायला घेतली तेव्हा हातात आराखडा नव्हता. नायक क्रिस केल्विन अंतराळस्थानकावर पोचतो आणि स्नाउट नावाचा शास्त्रज्ञ त्याला पाहून घाबरतो. हे लिहिताना स्नाउट का घाबरला ते आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं लेमनं नंतर सांगितलं. शेवटच्या प्रकरणापाशी तो अडला आणि जवळपास वर्षभरानं परत येऊन त्यानं ते पुरं केलं.

गोष्ट थोडक्यात अशी. सोलारिस या ग्रहाला दोन सूर्य आहेत आणि जवळपास सगळा ग्रह एका महासागरानं व्यापलेला आहे. महासागर जिवंत आहे. दोन सूर्यांच्या ओढीत डळमळायला हवी ती ग्रहाची कक्षा तो स्वतः सावरून धरतो. शतकाहून अधिक काळ माणसं त्याचा अभ्यास करताहेत. मानसशास्त्रज्ञ केल्विन स्थानकावर येतो तेव्हा त्याचा मित्र गिबारियान यानं आत्महत्या केलेली असते आणि उरलेले दोघं दारं लावून बसलेले असतात. रात्री केल्विन जागा होतो तर समोर त्याची बायको हारेय बसलेली. ती काही वर्षांपूर्वी त्याच्याशी भांडण झाल्यावर विषाचं इंजेक्शन टोचून घेऊन मेली होती. महासागरानं माणसांच्या झोपेत त्यांच्या मनातलं सर्वांत दुखरं काहीतरी उचललं आणि ते साकार करून त्यांच्याकडे पाठवून दिलं. ही शिक्षा की भेट, प्रयोग की नुसतीच प्रतिक्रिया, हे कळायला मार्ग नाही.

चित्रपट पाहून कादंबरीकडे वळणारे वाचक एका जागी अडखळतात. केल्विन स्थानकाच्या ग्रंथालयात जातो आणि लेम पानंच्या पानं ग्रंथांबद्दल लिहितो. महासागराच्या अभ्यासाचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलेलं असतं. त्यात पंथ आहेत, परस्परविरोधी सिद्धान्त आहेत, सुवर्णकाळ आहे, उतरती कळा आहे, हयात खर्ची घातलेले विद्वान आहेत आणि विक्षिप्तही आहेत. महासागरातून उसळणाऱ्या प्रचंड आकारांना नावं दिली आहेत, वर्गवारी केली आहे, त्यांच्या पोटात उतरून मोजमापं घेताना कित्येकजण मेले आहेत. इतकं करूनही महासागर काय आहे, हे कुणालाच कळलेलं नाही. पुष्कळांना ही पानं कंटाळवाणी वाटतात. माझ्या मते कादंबरीचा जीव तिथेच आहे. नसलेलं शास्त्र, नसलेले ग्रंथ आणि त्यांच्यावरचे नसलेले वाद लेम इतक्या गांभीर्यानं रचतो, की ज्ञानाची सगळी धडपड आणि तिची हद्द आपल्याला एकदम दिसते. हारेयची शोकांतिका या पार्श्वभूमीवर घडते, म्हणून ती नुसती प्रेमकथा राहत नाही.

तारकोव्हस्कीनं नेमकी ही पार्श्वभूमी काढून टाकली.

त्याचीही अडचण समजून घ्यायला हवी. 'आंद्रेई रुब्ल्योव्ह' १९६६ साली पुरा झाला होता आणि सरकारनं अडकवून ठेवला होता. सोव्हिएत प्रेक्षकांसमोर तो १९७१च्या अखेरीपर्यंत आला नाही. त्याला असा विषय हवा होता जो वरून मंजूर होईल. नावाजलेल्या पोलिश लेखकाची अंतराळातली गोष्ट अधिकाऱ्यांना निरुपद्रवी वाटली. फ्रीद्रिख गोरेनश्टाइनबरोबर त्यानं लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात तर मोठा भाग पृथ्वीवरच घडत होता आणि केल्विनला आणखी एक बायको होती. लेमच्या विरोधानंतर ती बायको गेली, पण पृथ्वी राहिली. कादंबरीत पहिल्याच पानावर केल्विन यानात बसतो. चित्रपटात सुरुवातीची सुमारे ४० मिनिटं वडिलांचं घर, तळं, पाण्यात हलणारं शेवाळ, पाऊस आणि घोडा यांत जातात. भविष्यातलं शहर दाखवायला तारकोव्हस्की जपानला गेला. ओसाकाचं 'एक्स्पो ७०' प्रदर्शन चित्रित करायचा त्याचा बेत होता, पण परवानगी मिळेपर्यंत ते संपलं होतं. मग टोकियोचे उड्डाणपूल आणि बोगदे यांतून धावणाऱ्या मोटारीचं लांबलचक दृश्य त्यानं घेतलं. महासागर तयार झाला तो अ‍ॅसिटोन, अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि रंग यांच्या मिश्रणातून. संगीतकार एदुआर्द अर्तेम्येव्हनं त्याला आवाज दिला तो एका दुर्मीळ सोव्हिएत सिंथेसायझरवर, आणि बाखची ऑर्गनवरची एक छोटी रचना त्यानं चित्रपटभर परत परत वापरली.

एवढं करूनही वरच्यांचं समाधान झालं नाही. १९७२च्या जानेवारीत चित्रपट खात्याकडून सूचना आल्या. तारकोव्हस्कीनं त्या डायरीत उतरवून ठेवल्या आहेत, तीसहून अधिक. केल्विन कोणत्या समाजव्यवस्थेतून येतो ते स्पष्ट करा. देवाची कल्पना काढून टाका. गंमत अशी की इकडे अधिकारी दिग्दर्शकाला जे विचारत होते, तेच तिकडे लेखकही वेगळ्या कारणानं विचारत होता: अंतराळाच्या गोष्टीत हे घर, हा बाप, हा अपराधभाव कुठून आला? दोस्तोयेव्हस्कीची अपराध आणि शिक्षेची गोष्ट तारकोव्हस्कीनं माझ्या नावावर केली, असं लेम म्हणायचा. ज्ञानाची जी जोखीम आपण मांडली तिच्या जागी यानं घरी परतण्याची ओढ बसवली, ही त्याची मुख्य तक्रार होती.

शेवट पाहिला की तक्रार खरी आहे हे कळतं. कादंबरीत केल्विन एकटाच महासागराच्या किनाऱ्यावर उतरतो. लाट त्याच्या हाताभोवती येते, हाताला स्पर्श न करता त्याचा आकार घेते आणि थोड्या वेळानं तिचं कुतूहल संपतं. केल्विनला काही कळलेलं नाही, तरी तो तिथेच थांबायचं ठरवतो. चित्रपटात केल्विन वडिलांच्या घरापाशी येतो, दारात गुडघे टेकून त्यांना बिलगतो, आणि कॅमेरा वर जात जात दाखवतो की ते घर महासागरातल्या एका बेटावर आहे. दृश्य विलक्षण आहे. पण त्यात महासागर बोलतो, क्षमा करतो. लेमचा महासागर गप्प राहतो. लेमच्या बाजूनं मी ठामपणे उभा आहे तो इथे.

चित्रपटाला एक गोष्ट मात्र साधली, जी कादंबरीच्या आवाक्यात नव्हती. कादंबरी केल्विन सांगतो, त्यामुळे हारेय आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसते. पडद्यावर नताल्या बोंदार्चुक आपल्याकडे थेट पाहते. बंद धातूचं दार फोडून रक्तबंबाळ झालेली, द्रवरूप ऑक्सिजन पिऊन मेलेली आणि अंगाला झटके देत पुन्हा जिवंत होणारी ही प्रतिकृती हळूहळू स्थानकावरची सर्वांत माणूस असलेली व्यक्ती होत जाते. लेमनं चित्रपट नीट पाहिला असता तर एवढं तरी त्यानं मान्य केलं असतं, असं मला वाटतं. २००२ साली स्टीव्हन सोडरबर्गनं जॉर्ज क्लूनीला घेऊन हीच गोष्ट पुन्हा केली तेव्हा तर महासागर जवळजवळ नाहीसाच झाला. आपण अंतराळातलं प्रेम या विषयावर पुस्तक लिहिलं नव्हतं, अशा अर्थाचं लेमनं तेव्हा लिहिलं.

लेम भांडखोर होता आणि त्याचं भांडण एकट्या तारकोव्हस्कीशी नव्हतं. अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेनं त्याला १९७३ साली सन्माननीय सदस्य केलं, आणि तो मात्र अमेरिकन विज्ञानकथा बाजारू आहे असं लिहीत राहिला. १९७६ साली सदस्यत्व काढून घेतलं गेलं. अर्सुला ले ग्विन हिनं याचा निषेध म्हणून त्या संघटनेचं नेब्युला पारितोषिक नाकारलं. अमेरिकेतला जो एक लेखक लेमला मनापासून थोर वाटत होता तो फिलिप के. डिक. आणि त्याच डिकनं १९७४ साली एफबीआयला पत्र लिहून कळवलं होतं की लेम हा एक माणूस नसून कम्युनिस्टांची समिती असावी, कारण त्याच्या लेखनाच्या शैली फार बदलतात. पुढच्याच वर्षी लेमचा डिकवरचा लेख आला. त्यात त्यानं डिकला भोंदूंच्या गर्दीतला एकमेव द्रष्टा म्हटलं होतं.

तिकडे लेनिनग्राड आणि मॉस्कोत दोन भाऊ वेगळ्या तऱ्हेनं झगडत होते. अर्कादी १९२५चा, बोरीस १९३३चा. नाझींनी लेनिनग्राडला वेढा घातला तेव्हा १९४२च्या जानेवारीत अर्कादी वडिलांबरोबर शहराबाहेर पडला. वडील वाटेत वोलोग्दाला वारले. आठ वर्षांचा बोरीस आईजवळ उपाशी शहरातच राहिला आणि वाचला. मोठेपणी अर्कादी जपानी भाषेचा जाणकार झाला, बोरीस पुल्कोव्हो वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ. एक मॉस्कोत, दुसरा लेनिनग्राडात. लिहायचं असलं की दोघं एकत्र यायचे, एक टाइपरायटरवर बसायचा, आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं बोलून, घासून, दोघांच्या संमतीनं कागदावर उतरायचं.

'रोडसाइड पिकनिक' या नावानं इंग्रजीत आलेली त्यांची कादंबरी १९७२ साली लेनिनग्राडच्या 'अव्रोरा' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. परग्रहावरचे कुणीतरी पृथ्वीवर काही ठिकाणी उतरले आणि निघून गेले. कुणाला भेटले नाहीत, काही बोलले नाहीत. जिथे उतरले तिथे 'झोन' तयार झाले. तिथे न दिसणारे सापळे आहेत आणि कशासाठी आहेत हे न कळणाऱ्या वस्तू पडल्या आहेत. काही वस्तू विकल्या जातात, म्हणून 'स्टॉकर' जिवावर उदार होऊन रात्री कुंपणापलीकडे शिरतात. त्यांतलाच एक रेड शुहार्ट. दारुडा, रांगडा, बायकोमुलीवर जीव टाकणारा. आणि झोनच्या परिणामानं त्याची मुलगी दिवसेंदिवस माणसातून उठत चाललेली. कादंबरीतला एक शास्त्रज्ञ दारू पिता पिता आपला तर्क सांगतो: सहलीला आलेली मंडळी रस्त्याकडेला थांबली, खाल्लं-प्यायलं, कचरा टाकून गेली. त्या कचऱ्यात शिरलेले किडेमुंगी म्हणजे आपण.

मासिकात छापली गेली तरी पुस्तक निघायला ८ वर्षं लागली. भावांची दुसरी एक कादंबरी त्यांच्या परवानगीशिवाय पश्चिम जर्मनीत छापली गेल्यानं संपादक आणखीच बिचकले होते. मॉस्कोच्या प्रकाशनगृहानं काढलेल्या हरकतींची मोजदाद बोरीसनं पुढे दिली आहे: पात्रांच्या अनैतिक वागण्याबद्दल ९३, मारहाणीबद्दल ३६, आणि शिवराळ, बाजारी भाषेबद्दल २५१. १९८० साली निघालेल्या पुस्तकात शुहार्टची जीभ इतकी धुऊन काढली होती की भावांना ते पाहवेना. विचारांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. राग होता तो रस्त्यावरच्या माणसासारखं बोलणाऱ्या माणसावर.

या कादंबरीच्या पोलिश आवृत्तीसाठी लांबलचक उपसंहारलेख लिहिला तो लेमनं. कौतुकाच्या बाबतीत अत्यंत कंजूष असलेला हा माणूस इथे मोकळेपणानं दाद देतो. परग्रहवासीयांना शेवटपर्यंत अगम्य ठेवण्याची हिंमत या दोघांनी दाखवली, ही त्याच्या मते त्यांची थोरवी. मग तो वादही घालतो: पिकनिकच कशाला, तो निव्वळ अपघातही असू शकेल, एखादं भांडं फुटलं असेल. सगळ्या इच्छा पुरवणारा सोनेरी गोल शेवटी आणला तो परीकथेच्या वळणाचा म्हणून त्याला खटकतो. दुसऱ्याच्या पुस्तकाशी इतक्या जिव्हाळ्यानं भांडणारा लेख मी फार थोड्यांदा वाचला आहे.

हीच कादंबरी तारकोव्हस्कीनं उचलली. ताजिकिस्तानातल्या इस्फारा भागात चित्रण ठरलं होतं. १९७७च्या सुरुवातीला तिथे भूकंप झाला. मग एस्तोनियात, ताल्लिनजवळ यागाला नदीकाठच्या पडक्या वीजकेंद्रात युनिट हललं. उन्हाळाभर काम झालं आणि लक्षात आलं की बाहेरचं जवळजवळ सगळं चित्रण वाया गेलंय. परदेशी कोडॅक फिल्म सदोष होती की मॉस्कोच्या लॅबला ती धुता आली नाही, यावर युनिटमधल्यांचं कधीच एकमत झालं नाही. छायालेखक गेओर्गी रेरबेर्ग निघून गेला. पैसे संपले होते. चित्रपट दोन भागांचा आहे असं सांगितलं तर नवी रक्कम मिळणार होती, आणि त्यासाठी पटकथा नव्यानं लिहावी लागणार होती.

बोरीसनं या प्रसंगाबद्दल लिहून ठेवलं आहे. अर्कादी ताल्लिनहून लेनिनग्राडला आला आणि म्हणाला, तारकोव्हस्कीला दुसरा स्टॉकर हवाय. कसा, ते त्यालाही सांगता येत नाही. पण आपला गुंड स्टॉकर त्याला नकोय. त्याआधी भावांनी त्याच्यासाठी खर्ड्यांवर खर्डे केले होते. आता दोघांनी काही दिवसांत आपला रेड शुहार्ट स्वतःच्या हातानं पुसला आणि त्याच्या जागी एक भाबडा, रडवेला, श्रद्धाळू वाटाड्या उभा केला. तारकोव्हस्कीनं तो खर्डा पहिल्या झटक्यात स्वीकारला. १९७८च्या एप्रिलमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला, तरी त्यानं चित्रण पुन्हा उभं केलं आणि १९७९ साली 'स्टॉकर' पुरा झाला.

पडद्यावर परग्रहावरच्या वस्तू नाहीत, यंत्रं नाहीत. वाटाड्या, लेखक आणि प्राध्यापक असे तिघं रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीत बसून कित्येक मिनिटं नुसते जात राहतात. रुळांचा खडखडाट नकळत अर्तेम्येव्हच्या संगीतात विरघळतो, आणि तपकिरी चित्र एकदम हिरवं होतं. आपण झोनमध्ये आलेलो असतो. बोल्टच्या नटला कापडाची पट्टी बांधून तो पुढे फेकायचा, तो जिथे पडेल तिथवरच चालायचं. नट फेकत वाट काढायची ही रीत भावांच्या कादंबरीतूनच आली आहे. वाटाड्याची पांगळी मुलगीही तिथलीच. सोनेरी गोलाची झाली मनातली खरी इच्छा पुरवणारी खोली, आणि तिच्या उंबऱ्यापाशी येऊन तिघंही आत जात नाहीत.

तारकोव्हस्की पुढे म्हणायचा की 'सोलारिस'मध्ये आपल्याला विज्ञानकथेच्या सामानातून पुरतं सुटता आलं नाही, 'स्टॉकर'मध्ये आलं. माझं मत वेगळं आहे. 'स्टॉकर' अधिक श्रेष्ठ आहे हे खरं, पण तो श्रेष्ठ झाला कारण विज्ञानकथेचा गाभा त्यात शाबूत राहिला. झोन शेवटपर्यंत आपलं गुपित सांगत नाही. तिथे वडिलांचं घर नाही, क्षमा नाही. सापळे खरे आहेत की वाटाड्याच्या मनातले, हेही कळत नाही. लेमनं मॉस्कोत सहा आठवडे भांडून जे मागितलं आणि मिळवलं नाही, ते स्त्रुगात्स्कींनी न भांडता, आपली भाषा, आपला नायक आणि निम्मी कादंबरी देऊन टाकून मिळवलं. दिग्दर्शकापुढे लेखक नमला असं याचं वर्णन करतात, ते मला अन्यायाचं वाटतं. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे त्या दोघांना नेमकं ठाऊक होतं. बोरीसनं नंतर या चित्रपटाबद्दल अभिमानानंच लिहिलं.

तारकोव्हस्की १९८६च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये कर्करोगानं गेला. ध्वनिमुद्रक व्लादिमीर शारून याच्या मते एस्तोनियातल्या त्या नदीत वरच्या अंगाला असलेल्या रासायनिक कारखान्याचं पाणी येत होतं आणि युनिटमधल्या काहींचे आजार त्यातूनच उद्भवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं. तिथल्या निषिद्ध पट्ट्याला लोकांनी झोन म्हटलं आणि आत शिरणाऱ्यांना स्टॉकर. अर्कादी १९९१ साली गेला, लेम २००६ साली, बोरीस २०१२ साली.

वाचकांना एक विनंती. चित्रपट पाहिले असतील तर आता पुस्तकं वाचा, पण आवृत्ती पाहून घ्या. 'सोलारिस'चं १९७० साली आलेलं इंग्रजी रूप पोलिशवरून केलेलं नाही. ते फ्रेंच भाषांतरावरून केलेलं आहे आणि लेमला ते नापसंत होतं. थेट पोलिशवरून केलेलं बिल जॉन्स्टनचं भाषांतर २०११ साली आलं, तेच घ्या. 'रोडसाइड पिकनिक'साठी ओलेना बोर्माशेन्कोचं २०१२चं भाषांतर शोधा. ते सेन्सॉरची कात्री न लागलेल्या मूळ पाठावरून केलेलं आहे, आणि त्यात रेड शुहार्ट त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलतो.